ध्रुवांवरचं आयनीकरण एक्सेलमधे कसं काढायचं, आणि पोरं नेमकी कुठे चुकतात

दर वर्षी फेब्रुवारी-मार्च आला की एमएस्सीची प्रोजेक्टवाली पोरं लॅपटॉप घेऊन येतात, धरमपेठेतल्या टपरीवर तर्री पोहे सांगायचे, फाईल उघडायची आणि मग तेच वाक्य, "दादा, उत्तर कायच्या काय येऊन राहिलं." यंदा एका पोराच्या फाईलमधे ६० किमी उंचीवर दर घन सेमीला दर सेकंदाला एक लाखावर आयनजोड्या होत्या, यायला पाहिजे होत्या शंभरेक. आणि वरच्या सेलमधे अक्षांश काय तर २१.१५. म्हटलं काऊन बे, हे तर आपलं नागपूर आहे! तो म्हणे, गणित तर सगळीकडे सारखंच ना दादा.

नाही ना भाऊ. म्हणून हे एकदाचं लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वर्षी लिंक पाठवून मोकळा.

काढायचं काय ते आधी. सूर्यावरून सुटलेले जोरदार प्रोटॉन ध्रुवांच्या हवेत घुसतात, नायट्रोजन-ऑक्सिजनच्या रेणूंवर आदळत आदळत त्यांचे इलेक्ट्रॉन उडवतात, आणि प्रत्येक वेळी एक आयन अन् एक इलेक्ट्रॉन अशी जोडी तयार होते. आपल्याला पाहिजे दोन रकाने, उंची आणि त्या उंचीवर दर घन सेमीला दर सेकंदाला किती जोड्या. क्रम असा: कोण आत येऊ शकतं, किती खोल जातं, वाटेत किती ऊर्जा टाकतं, आणि शेवटी त्यातलं काय टिकतं. बहुतेक जण तिसऱ्यापासून सुरू करतात कारण सूत्र तिथे आहे.

० तयारी

सुरू करायच्या आधी या चार गोष्टी एकाच फोल्डरमधे पाहिजेत, नाहीतर मधेच शोधत बसाल आणि मग जे सापडेल ते चिकटवाल.

- गोज या अमेरिकी हवामान उपग्रहांचा प्रोटॉन फ्लक्स, म्हणजे किती प्रोटॉन येऊन राहिले तो आकडा. ५ मिनिटांचा पुरतो.
- हवेत प्रोटॉनची रेंज (थांबेपर्यंत किती जातो) आणि स्टॉपिंग पॉवर (वाटेत किती ऊर्जा टाकतो). अमेरिकेच्या एनआयएसटीचा पीस्टार तक्ता फुकट मिळतो. त्यात 'कोरडी हवा' निवडा, एकदा एकाने पाण्याचा तक्ता घेतला होता आणि सगळं दहा-बारा टक्क्यांनी सरकलं.
- उंचीनुसार हवेचा दाब आणि घनता. एमएसआयएस या वातावरणाच्या मॉडेलमधून त्या तारखेची आणि त्या जागेची घ्या. १९७६ चा यूएस स्टँडर्ड ॲटमॉस्फिअर शिकायला बरा आहे पण तो मध्य अक्षांशाचा आहे, ध्रुवावरच्या हिवाळ्यातली हवा तशी नसते. खालचं उदाहरण मात्र मी त्याच्यावरच करतोय, म्हणजे तुम्हाला आकडे जुळवून बघता येतील.
- भूचुंबकीय अक्षांश (नकाशाच्या नाही, पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांच्या हिशोबाने) काढायचं कुठलंही ऑनलाइन कॅल्क्युलेटर.

सांभाळा: सगळ्या वेळा युटीमधे (जागतिक वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) ठेवा, भारतीय वेळ फाईलमधे कुठेच नको. याच्यावर माझी स्वतःची फजिती झालेली आहे, ती शेवटी सांगतो.

१ कण कोणता ते आधी ठरवा

ध्रुवावर आयनीकरण करणारी तीन गिऱ्हाईकं आहेत आणि तिघांची उंची वेगळी. आकाशगंगेतून येणारे वैश्विक किरण कायम चालू असतात, त्यांचा जोर खाली १५ ते २० किमीच्या आसपास. सौर प्रोटॉन अधूनमधून येतात, काही तास ते काही दिवस, मुख्यतः ३० ते ९० किमी. आणि चुंबकावरणातून सांडणारे इलेक्ट्रॉन: ऑरोरावाले (ध्रुवीय प्रकाशाचे) काही केईव्हीचे (एक केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) असतात आणि १०० किमीच्या वरच अडकतात, रेडिएशन बेल्टमधला १ एमईव्हीचा (म्हणजे हजार केईव्हीचा) इलेक्ट्रॉन मात्र ६० किमीच्या आसपासपर्यंत उतरतो.

तिन्ही एका शीटमधे कोंबू नका. हा लेख फक्त सौर प्रोटॉनचा. इलेक्ट्रॉन करायचेच असतील तर पोज या ध्रुवांवरून फिरणाऱ्या उपग्रहांवरच्या मेपेड या कण मोजणाऱ्या यंत्राचा डेटा लागतो, आणि प्रोटॉन इव्हेंट (म्हणजे सौर प्रोटॉनचा मारा) चालू असताना त्याच्या इलेक्ट्रॉन चॅनलमधे प्रोटॉन घुसलेले असतात, म्हणजे तेच प्रोटॉन दोनदा मोजले जातात. पहिल्याच प्रोजेक्टला त्या भानगडीत पडू नये असं माझं मत.

अजून एक घोळ. सौर ज्वाला म्हणजे फ्लेअर दिसला की पोरं तीच वेळ इव्हेंटची सुरुवात धरतात. फ्लेअरचे एक्स-रे आठ मिनिटांत पोचतात आणि जिथे दिवस आहे तिथे सगळीकडे परिणाम करतात, नागपूरवरसुद्धा. प्रोटॉन नंतर येतात आणि ध्रुवांकडे जातात. नोंद घ्यायचा नियम सरळ आहे, १० एमईव्हीच्या वरचा फ्लक्स सलग तीन रीडिंगमधे १० पीएफयू (प्रोटॉन फ्लक्सचं एकक, तिसऱ्या पायरीत सांगतो) किंवा जास्त असला की इव्हेंट सुरू.

२ दार उघडं आहे का ते बघा

प्रोटॉनला विद्युतभार असतो म्हणून पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्याला वळवतं. विषुववृत्ताजवळ यायला प्रचंड ऊर्जा लागते, ध्रुवाजवळ जवळपास काहीच नाही. याचं माप म्हणजे कटऑफ रिजिडिटी, आत यायला लागणारा किमान जोर, जीव्हीमधे (गिगाव्होल्ट). नागपूरला ती साधारण १६ जीव्ही. आता १० एमईव्ही प्रोटॉनची रिजिडिटी किती, तर ०.१४ जीव्ही. १०० एमईव्हीची ०.४४. म्हणजे आपल्या डोक्यावर सौर प्रोटॉनचं हे गणित लावणं म्हणजे आमदार निवासाच्या गेटवर सायकलची चावी लावून बघणं.

पहिली चाळणी म्हणून हे सूत्र चालतं: कटऑफ म्हणजे १४.९ गुणिले भूचुंबकीय अक्षांशाच्या कोसाइनचा चौथा घात. ६५ अंशाला उत्तर येतं ०.४८ जीव्ही, म्हणजे साधारण ११० एमईव्हीच्या वरचेच प्रोटॉन. ७५ अंशाला ०.०७ जीव्ही, म्हणजे अडीच एमईव्हीसुद्धा आत.

इथे सगळ्यात जास्त पोरं पडतात, कारण ते नकाशावरचा अक्षांश टाकतात. आपल्याच दोन अंटार्क्टिक स्टेशनांचं बघा ना. मैत्री ७०.८ अंश दक्षिण, भारती ६९.४ अंश दक्षिण, नकाशावरच्या अक्षांशात दोघी शेजारणी. भारती तर ७६ रेखांशावर आहे, म्हणजे नागपूरहून सरळ दक्षिणेला निघालात तर जवळपास तिथेच पोचाल. पण चुंबकीय अक्षांश काढला की भारती ७५ च्या आसपास जाते आणि मैत्री ६३ च्या आसपास राहते. एक पूर्ण दाराच्या आत, दुसरी उंबरठ्यावर.

सांभाळा: हे सूत्र काठावर जरा जास्तच कडक आहे, प्रत्यक्षात कटऑफ कमी असतो आणि चुंबकीय वादळात अजून घसरतो. त्यामुळे मैत्रीसारख्या जागेसाठी सूत्राचा आकडा छातीठोक लिहू नका. पहिलं प्रोजेक्ट असेल तर सरळ भारतीसारखी आतली जागा घ्या, कटऑफची कटकटच नाही.

तपासा: शीटमधे 'भौगोलिक' आणि 'भूचुंबकीय' असे दोन वेगळे सेल आहेत का? नसतील तर आत्ता करा, नंतर करतो म्हणून कोणी करत नाही.

३ डेटा धुऊन घ्या

फाईल उतरवली की सगळ्यात आधी -९९९९९ असले आकडे शोधा, ते 'डेटा नाही' याची खूण असते आणि सरासरीत गेले तर फ्लक्स उणे येतो. हसू नका, उणे आयनीकरणाचा ग्राफ मी रंगीत प्रिंट काढून बाइंड केलेला पाहिलाय.

मग एकक. पीएफयू म्हणजे दर चौरस सेमी, दर सेकंद, दर स्टेरेडियन (आकाशाचा किती भाग ते मोजायचं एकक) प्रोटॉन. शेवटचं स्टेरेडियन विसरू नका, सहाव्या पायरीत लागणार आहे. दुसरं, गोजचा डेटा दोन तऱ्हेचा मिळतो. इंटिग्रल म्हणजे '१० एमईव्हीच्या वरचे सगळे', डिफरेन्शियल म्हणजे 'या ऊर्जेच्या आसपासचे, दर एककाला इतके'. जुन्या गोजमधे डिफरेन्शियल दर एमईव्ही असतो, गोज-१६ पासूनच्या नव्यात दर केईव्ही. आमच्या त्या लाखवाल्या पोराने नव्या फाईलवर शीट बनवली, बँडची रुंदी केईव्हीत लिहिली, ३० ते ५० साठी २०,०००, आणि मग त्याच शीटमधे जुना डेटा टाकला. झालं, सगळं हजारपट. सापडायला दीड तास गेला आणि चहा माझ्याच खिशातून.

तपासा: इंटिग्रलमधे १० च्या वरचा आकडा ३० च्या वरच्यापेक्षा मोठाच असला पाहिजे, ३० चा ५० पेक्षा, असं खाली खाली. कुठे उलटं दिसलं तर थांबा.

४ मधल्या ऊर्जा भरा

आपण चारच थांबे धरू, १०, ३०, ५०, १०० एमईव्ही. मधलं आपण भरायचं, आणि भरताना सरळ रेषेने भरायचं नाही, लॉग-लॉगवर रेषा ओढायची.

समजायला मी बनवलेले आकडे घ्या: १० च्या वर १००० पीएफयू, ३० च्या वर २००, १०० च्या वर २०. १० ते ३० मधे घातांक (त्या रेषेचा उतार) निघतो १.४७, ३० ते १०० मधे १.९१. त्यावरून ५० च्या वर ७५ येतात.

आता चूक बघा. १० ते ३० मधे ८०० प्रोटॉन आहेत म्हणून पोरं त्या सगळ्यांना २० एमईव्हीचे धरतात, मधला आकडा म्हणून. पण स्पेक्ट्रम उताराचा आहे, गर्दी १० कडे आहे. याच घातांकाने १३ एमईव्हीच्या वरचे मोजले तर ६८० च उरतात, म्हणजे १००० पैकी ३२० तर नुसत्या १० ते १३ मधेच बसलेत. आणि हे १३ मी उगाच नाही घेतलं, पुढच्या पायरीत कळेल. बँड बारीक पाडा, १० ते १०० मधे निदान वीस. एक्सेलला काय, वीस काय अन् दोनशे काय.

५ किती खोल जातो

इथे उंची विसरा आणि डेप्थमधे विचार करा, डेप्थ म्हणजे डोक्यावर दर चौरस सेमीला किती ग्रॅम हवा आहे. दाब हेक्टोपास्कलमधे घ्या, १.०२ ने गुणा, झालं. ६० किमीवर दाब ०.२२, म्हणून डेप्थ ०.२२४ ग्रॅम. समुद्रसपाटीला हीच १०३३ ग्रॅम असते, त्यामुळे प्रोटॉनला वरची हवा किती विरळ आणि खालची किती जाड ते ध्यानात येतं.

पीस्टारमधून रेंज बघा: १ एमईव्हीची ०.००२९ ग्रॅम, १० ची ०.१४, ३० ची १.०, १०० ची ८.७. उंचीत मांडलं तर सरळ वरून येणारा १ एमईव्हीवाला ८७ किमीच्या आसपास थांबतो, १० वाला ६३ ला, ३० वाला ४८ ला, १०० वाला ३२ ला. आणि ६० किमीपर्यंत यायला किमान किती पाहिजे, तर १३ एमईव्ही. वरचे ते ३२० इथे पोचतच नाहीत, त्यांना ६० किमीच्या ओळीत मोजलं की उत्तर फुगलं.

सांभाळा: प्रोटॉन सगळे सरळ खाली येत नाहीत. तिरपा आला की वाट लांबते, ६० अंश तिरपा असेल तर डेप्थ दुप्पट आणि मग ६० किमीला यायला १३ ऐवजी १९ एमईव्ही लागतात. याच्यासाठी सोपी युक्ती: कोनाच्या कोसाइनच्या पाच किमती घ्या, ०.१, ०.३, ०.५, ०.७, ०.९, प्रत्येकासाठी डेप्थला त्या किमतीने भागा, पाच उत्तरं काढून सरळ सरासरी करा. कोन समान अंतराने घ्यायचे नाहीत, कोसाइन समान अंतराने घ्यायचे, म्हणजे वजनं लावायची गरज पडत नाही.

६ मुख्य हिशोब, एकच प्रोटॉन धरून

आता एक प्रोटॉन हातात घ्या. ३० ते ५० च्या बँडमधला, प्रातिनिधिक ३७ एमईव्हीचा, सरळ खाली येणारा. (बँड बारीक पाडा म्हटलं आणि मीच जाडा घेतलाय, कागदावर दाखवायला.)

हवेत शिरताना त्याची रेंज १.४६ ग्रॅम. ६० किमीला येईतो ०.२२४ संपली, राहिली १.२४. तक्त्यात उलटं बघा, १.२४ रेंज कोणाची, तर ३३.७ एमईव्हीची. म्हणजे वाटेत सव्वातीन-एक एमईव्ही गेले. स्टॉपिंग पॉवर ३३.७ ला बघायची, ३७ ला नाही! ही चूक दर दुसऱ्या फाईलमधे असते. ती येते साधारण १५.१ एमईव्ही दर ग्रॅम दर चौरस सेमी.

६० किमीवर हवेची घनता ०.००००००३१ ग्रॅम दर घन सेमी. दोघांचा गुणाकार केला की १ सेमी वाटेत ४.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट पडतात. हवेत एक आयनजोडी बनवायला सरासरी ३५ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, म्हणून ४.७ भागिले ३५, ०.१३४ जोडी. म्हणजे हा एवढा जोरदार प्रोटॉन तिथे साडेसात सेमी पळतो तेव्हा कुठे एक जोडी बनते, हवा इतकी विरळ आहे.

आता गर्दी. बँडमधे २०० वजा ७५, १२५ पीएफयू. स्टेरेडियन घालवायला २ पाय (π) ने गुणा, ६.२८, कारण वरच्या अर्ध्या आकाशातून सगळीकडून येतात. १२५ गुणिले ६.२८ गुणिले ०.१३४, म्हणजे १०५ जोड्या दर घन सेमी दर सेकंद. बाकीच्या बँडांचं असंच काढून बेरीज, मग पुढची उंची.

दोन पाय की एक पाय यावर पोरं भांडतात. सपाट पृष्ठभागातून किती गेले हे मोजायचं असेल तर एक पाय. आपण आकारमानात किती ऊर्जा पडली ते मोजतोय, तिरपा प्रोटॉन त्यात लांब वाट कापतो, म्हणून दोन पाय.

तपासा: वैश्विक किरणांमुळे ६० किमीवर एरवी एक जोडीसुद्धा बनत नाही दर सेकंदाला, त्यामुळे मध्यम इव्हेंटला शेकडो येणं ठीक आहे. दशांशात आलं किंवा लाखात आलं तर तिसऱ्या पायरीवर परत जा. बहुतेकदा तिथेच सापडतं.

आणि ग्राफ काढताना अक्षावर 'दर घन सेमी' आहे की 'दर ग्रॅम' ते लिहा. दोघांची शिखरं वेगवेगळ्या उंचीवर येतात, नुसतं 'आयनीकरण' लिहिलं तर व्हायव्हात पहिला प्रश्न तोच.

७ किती टिकतात

जोड्या बनतात तशा परत जुळतातही. स्थिर अवस्थेत इलेक्ट्रॉनची संख्या म्हणजे बनण्याच्या दराला रिकॉम्बिनेशनच्या गुणांकाने भागून त्याचं वर्गमूळ. म्हणून दर चौपट झाला तरी इलेक्ट्रॉन दुप्पटच होतात. गुणांक उंचीनुसार खूप बदलतो, एकच आकडा सगळ्या ओळींना खाली ओढू नका (एक्सेलमधला तो कोपरा धरून ओढायचा मोह सगळ्यांनाच होतो). आणि ८० किमीच्या खाली अंधारात इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या रेणूला चिकटतात, उजेडात परत सुटतात, म्हणून दिवस आणि रात्र वेगळी शीट.

रसायनाकडे जायचं असेल तर एका जोडीमागे साधारण १.२५ नायट्रोजन अणू आणि ७० किमीच्या खाली दोनच्या आसपास हायड्रोजन-ऑक्साइडवाले कण धरतात, तेच पुढे ओझोनला खातात. तो स्वतंत्र विषय आहे.

८ पडताळा

३० मेगाहर्ट्झच्या रायोमीटरशी (आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी वरच्या हवेत किती शोषल्या जातात ते मोजणारं यंत्र) जुळवून बघायला एक सोपा नियम आहे. दिवसा शोषण म्हणजे ०.११५ गुणिले ५.२ एमईव्हीच्या वरच्या फ्लक्सचं वर्गमूळ, रात्री ०.०२० गुणिले २.२ च्या वरच्या फ्लक्सचं वर्गमूळ, उत्तर डेसिबलमधे. आपल्या बनवलेल्या स्पेक्ट्रमला खाली ताणलं तर दिवसा ५.९ आणि रात्री १.९ येतात. प्रोटॉन तेच आणि फरक तिपटीचा.

आता माझी फजिती. २००३ च्या ऑक्टोबरचा मोठा इव्हेंट, २९ तारखेला १० च्या वरचा फ्लक्स २९,५०० पीएफयूपर्यंत गेला होता, शिखर ०६:१५ युटीला. मी जागा घेतली स्वालबार्डची, जिथे आता आपलं हिमाद्री स्टेशन आहे. बाहेर पंचेचाळीसचा उन्हाळा, कूलरचं पाणी संपलेलं, आणि मी सवयीने वेळेत साडेपाच तास मिळवून ११:४५ लिहिलं. मग तेच सूर्याची उंची काढायच्या सेलला युटी म्हणून जोडलं. तिथे ११:४५ युटीला सूर्य क्षितिजाच्या फक्त दोन-अडीच अंश खाली असतो, जमिनीवर दिसत नाही पण ७० किमीवर चक्क ऊन असतं, म्हणून शीटने 'दिवस' धरला. खरं शिखर होतं तेव्हा सूर्य नऊ-दहा अंश खाली होता आणि ७० किमीवरही अंधार. दोन संध्याकाळी मी गुणांक बदलत बसलो होतो, गुणांकाचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

म्हणून दिवस-रात्रीचा सेल जमिनीवरच्या सूर्योदयावरून भरू नका, त्या उंचीवर ऊन पोचतं का ते बघून भरा. सूर्य ५ अंश खाली असला की पृथ्वीची सावली साधारण २४ किमीपर्यंत पोचते, १० अंशाला ९८ किमीपर्यंत. आणि वेळेचा रकाना उघडून पहिल्या ओळीत 'युटी' लिहिलंय का ते बघा, मग फाईल मला पाठवा.